गटाच्या पिकअपला चोरबटण: वायर कापण्याआधी हे वाचा



गेल्या बैठकीत मासळी वाहतूक करणाऱ्या गटातल्या एका ताईंनी विचारलं, "आमची पिकअप जुनी. दरवाजाला कुठलीही चावी लागते. रात्री बंदरावर उभी असते, गेली तर हप्ता कोण भरणार?" प्रश्न रास्त आहे. रेवदंडा असो, मुरूड असो की श्रीवर्धन, गाडी गेली तर त्या दिवशीचा माल, बर्फवाल्याची उधारी आणि कर्जाचा हप्ता तिन्ही एकदम अंगावर येतात. म्हणून मी दोन-तीन गॅरेजवाल्यांकडे बसून हे समजून घेतलं.

कपड्याला चोरखिसा असतो ना, तसं गाडीला चोरबटण. लपवलेलं साधं बटण. ते बंद असेल तर चावी फिरवूनही गाडी सुरू होत नाही. मेकॅनिक त्याला कट-ऑफ स्विच म्हणतो.

आता बटण कुठल्या वायरीवर लावायचं? इथेच खरी गोम आहे. एक मार्ग म्हणजे डिझेल पंपाचं डिझेल तोडणाऱ्या सॉलेनॉइडची वायर. पक्का बंदोबस्त होतो, पण कधी चालत्या गाडीत ती वायर सुटली तर? इंजिन बंद पडतं, पॉवर स्टिअरिंग असेल तर ते जड होतं, आणि ब्रेक एक-दोनदा दाबल्यावर दगडासारखा होतो. मागे मासळीचे क्रेट आणि पुढे कार्ले खिंडीचा उतार, विचार करा. म्हणून मला दुसरा मार्ग बरा वाटतो: चावीकडून सेल्फच्या रिलेला जाणारी बारीक वायर. ही तुटली तरी चालती गाडी चालत राहते, फक्त पुन्हा सेल्फ लागत नाही. बॅटरीकडून सेल्फला जाणाऱ्या जाड केबलवर मात्र साधं बटण कधीच लावू देऊ नका. तिच्यातून इतका करंट जातो की बटण वितळेल, आग लागेल. गाडीला रिले नसेल तर आधी रिले आणि फ्यूज बसवायला सांगा.

खरं सांगायचं तर सेल्फवरच्या बटणात एक पळवाट आहे. जुनी डिझेल गाडी धक्का मारून किंवा उतारावर सोडून सुरू होते. म्हणून गाडी उतारावर उभी करू नका, तोंड भिंतीकडे ठेवा, आणि स्टिअरिंगला किंवा गिअरला बाहेरून दिसणारं कुलूप घाला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बऱ्याच गाड्या दोन महिने उभ्याच राहतात. त्या दिवसांत बॅटरी काढून घरात ठेवलेली सगळ्यात चांगली. बॅटरी नसेल तर सॉलेनॉइडवाला पंपसुद्धा सहसा डिझेल सोडत नाही, मग धक्का मारूनही उपयोग नाही. हे सगळं जुन्या गाडीपुरतंच हं. कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाडीची वायर गावातल्या कुणालाही कापू देऊ नका.

आपल्याकडची खारी हवा आणि क्रेटमधून गळणारं बर्फाचं पाणी तांब्याच्या वायरीला हिरवी बुरशी आणतं. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी पावसाळ्यात दगा देते, आणि पहाटे चार वाजता लिलावाच्या वेळी आपल्याच ड्रायव्हरला गाडी सुरू करता येत नाही. जोडणीला डाग मारून वर गरम करून आवळणारी नळी घालायला लावा. मेकॅनिक म्हणेल, "काय गरज आहे?" तरी लावा.

बटणाची जागा मी इथे लिहिणार नाही, हे वार्तापत्र सगळेच वाचतात! सीटवर बसून हाताला लागेल, गुडघा लागणार नाही, पाणी पडणार नाही एवढं बघा. ठराव लिहिताना 'बटण बसवले' एवढंच लिहा, जागा नको. व्हॉट्सॲपवर फोटो तर अजिबात नको. जागा ड्रायव्हरला आणि गटातल्या दोघींना माहीत असावी. बसवताना त्या दोघींनी तिथे उभं राहावं, आणि स्वतः बटण बंद करून चावी फिरवून बघावी. बऱ्याच गटांत गाडी आपली आणि तिच्यातलं सगळं फक्त ड्रायव्हरला माहीत, असं चालतं. ड्रायव्हर सोडून गेला तर बटणाची जागा बदलून घ्या.

विम्याचंही सांगते. थर्ड पार्टी विमा चोरीचा एक रुपया देत नाही, त्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते. दावा करताना कंपनी साधारणपणे दोन्ही चाव्या मागते, त्यामुळे माल चढवताना चावी गाडीतच ठेवायची सवय मोडा. गाडी गेलीच तर लगेच ११२ ला फोन, त्याच दिवशी पोलीस ठाण्यात एफआयआर, मग विमा कंपनी आणि पेणचं आरटीओ कार्यालय.

पुढच्या बैठकीला ज्या गटांकडे गाडी आहे त्यांनी पॉलिसीचा कागद आणि दुसरी चावी घेऊन या. दुसरी चावी कुणाकडे आहे हेच काही गटांना शोधावं लागेल, म्हणून आतापासून सांगते आहे.

तुमची क्षेत्र समन्वयक