बिल्ला वाचणाऱ्या यंत्राचा पल्ला

अमरावती व अकोला जिल्ह्यांतील गाईम्हशींच्या कानांत पिवळा बिल्ला दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याविना जनावरांची खरेदी-विक्री करण्यास प्रतिबंध करण्यात आला. शासकीय दवाखान्यातील सेवा, तसेच मेळघाटाच्या पायथ्याशी वाघ-बिबट्याने जनावर मारल्यास मिळणारी नुकसानभरपाई, यांनाही त्यावरील बारा अंकांची जोड देण्यात आली. हे अंक मात्र डोळ्यांनी वाचावे लागतात, आणि चिखल-शेणाने माखलेला बिल्ला परतवाड्याच्या बाजारातील गर्दीत वाचणे सोपे नव्हे.

यावर अनेक देशांत रेडिओ बिल्ल्याचा, किंवा कातडीखाली बसविलेल्या तांदळाच्या दाण्याएवढ्या काचनळीचा, उपयोग केला जातो. तिच्यात पंधरा अंकी क्रमांक असतो; भारताचा संकेतांक ३५६ आहे. जनावरांसाठी १३४.२ किलोहर्ट्झ, तर दारे-कुलुपांच्या साध्या यंत्रांसाठी बहुधा १२५ किलोहर्ट्झ ही कंपनसंख्या वापरतात. इतक्या कमी कंपनसंख्येला चिखल, पाणी वा मांस यांचा फारसा अडथळा होत नाही. तक्रार एकच : पल्ला तोकडा. हातातल्या यंत्राने काचनळी वीतभर अंतरावरूनही कित्येकदा वाचली जात नाही.

याचे कारण असे की, बिल्ल्यात बॅटरी नसते. वाचक-यंत्राच्या वेटोळ्याभोवती जे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते, त्यातूनच त्याला वीज मिळते. १२५ किलोहर्ट्झची तरंगलांबी २.४ किलोमीटर असल्यामुळे येथे आकाशवाणीसारखे प्रक्षेपण होतच नाही. दूर ठेवलेली दोन वेटोळी ट्रान्सफॉर्मरसारखी काम करतात. वेटोळ्यापासून दूर गेल्यावर हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते. अंतर दुप्पट करावयाचे तर प्रवाह आठपट, म्हणजे शक्ती चौसष्टपट लागेल. मोठी बॅटरी जोडली की काम झाले, ही समजूत त्यामुळे फोल ठरते.

खरी सुधारणा वेटोळ्यात आहे. विशिष्ट अंतरावर सर्वांत जास्त क्षेत्र हवे असेल, तर वेटोळ्याची त्रिज्या त्या अंतराच्या सुमारे १.४ पट असावी. ३० सेंटिमीटरवरील बिल्ल्यासाठी ४२ सेंटिमीटर त्रिज्या योग्य. तोच प्रवाह ठेवून वेटोळे याहून मोठे केल्यास लाभ घटू लागतो.

दुसरी बाब जुळणीची. वेटोळे आणि धारित्र म्हणजे कपॅसिटर यांचा मेळ बसला, तरच प्रवाह भरपूर वाहतो. १.६२ मिलिहेन्रीच्या वेटोळ्यास १ नॅनोफॅराडचे धारित्र जोडले असता १२५ किलोहर्ट्झचा मेळ बसतो. धारित्रात पाच टक्क्यांचा फरक पडला तरी मेळ तीन किलोहर्ट्झने ढळतो आणि पल्ला एकदम आखडतो. जुळणी अतितीक्ष्ण असणेही बरे नव्हे, कारण मग बिल्ल्याच्या उत्तरातील बारकावेच पुसले जातात. मेळ बसलेल्या धारित्रावर शेकडो व्होल्ट दाब येऊ शकतो; प्रयोग करणाऱ्या शिक्षकांनी तसा दाब सोसणारे धारित्रच घ्यावे व त्यास हात लावू नये.

ज्या बाबीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, ती म्हणजे लोखंड. दवाखान्यातील खोडा लोखंडी नळ्यांचा असतो. त्यातील प्रत्येक बंद चौकट जणू एका फेऱ्याचे वेटोळेच बनते, त्यात प्रवाह फिरतो, आणि जुळणीही बिघडते. टेबलावर चोख चालणारे यंत्र खोड्यात मुके होते ते यामुळे, आणि दोष बिचाऱ्या बिल्ल्याला दिला जातो. वेटोळे नळ्यांपासून दूर, लाकडी फळीवर बसवून जागेवरच पुन्हा जुळवावे. मागे धातू टाळता येत नसेल, तर मध्ये फेराइटचा पत्रा ठेवावा.

बिल्ल्याचे उत्तर अतिशय क्षीण असते. स्वस्त चार्जरमधील विद्युत् गोंगाटात ते बुडून जाते. तेच यंत्र बॅटरीवर चालविल्यास अनेकदा फरक जाणवतो. बिल्ल्याची चकती वाचकाच्या वेटोळ्याला समांतर असावी. आडवी आली तर अगदी जवळूनही वाचन होत नाही. जनावर मान स्थिर ठेवीत नाही, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

म्हणून असे यंत्र घेण्यापूर्वी पंचायतीने किंवा गोरक्षण संस्थेने त्याची चाचणी विक्रेत्याच्या टेबलावर न घेता आपल्याच खोड्यात, जनावर उभे करून घ्यावी आणि किती अंतरावरून किती वेळा क्रमांक उमटला, याची नोंद मागावी.