बुबुळावरची फांदी: डोळ्यांतल्या विषाणूंबद्दलचे गैरसमज

नंदगड आणि आसपासच्या खेड्यांत डोळा लाल झाला की पहिला इलाज घरात होतो, दुसरा मेडिकलच्या दुकानात, आणि बरेच दिवस गेल्यावर माणूस खानापूरला किंवा बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पोचतो. हा क्रम बदलायला हवा. मळणीत उडालेलं भाताचं कुसळ, उसाचं पातं लागून शिरलेली बुरशी, पावसाळ्यातली साथ आणि हर्पिसचा विषाणू या चारही कारणांनी डोळा लाल होतो, पाणी गळतं, उजेड सोसत नाही. उपचार मात्र चौघांचे निराळे आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला घातक ठरू शकतं. यांतला फरक कळतो तो डोळा मोठा करून पाहिल्यावर. त्या पाहण्याबद्दल आणि आजाराबद्दल आपल्याकडे जे समज आहेत, त्यांतले बरेचसे चुकीचे आहेत.

‘मशीनमध्ये डोळा घातला की विषाणू दिसतो’

दिसत नाही. हर्पिस सिम्प्लेक्स हा विषाणू मिलिमीटरच्या पाच-सहा हजाराव्या भागाएवढा असतो. साध्या उजेडावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची धाव साधारण तिथेच संपते. साथीत डोळे आणणारा अ‍ॅडिनोव्हायरस तर त्याच्याही निम्म्याएवढा. विषाणू प्रत्यक्ष पाहायचा तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. पुण्यात १९५२ साली सुरू झालेल्या आणि आज राष्ट्रीय विषाणू संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने मार्च २०२० मध्ये भारतातल्या रुग्णाच्या घशातल्या नमुन्यातून मिळालेल्या कोरोना विषाणूचं छायाचित्र प्रसिद्ध केलं, ते अशाच यंत्रावर काढलेलं होतं. त्यात नमुना निर्वात जागेत ठेवावा लागतो, म्हणून जिवंत माणसाचा डोळा त्याखाली कधीच जाऊ शकत नाही.

मग डॉक्टर पाहतात काय? विषाणूने केलेली नासधूस. ती इतकी ठळक असते की बहुतेक वेळा निदानाला तेवढं पुरतं.

‘मोठ्या शहरातल्या मोठ्या यंत्राशिवाय निदान होत नाही’

हा समज मला सर्वांत नुकसानकारक वाटतो, कारण त्यापायी माणसं जवळच्या तपासणीलाही जात नाहीत. डोळ्यांच्या कुठल्याही साध्या दवाखान्यात हनुवटी टेकवून बसवतात आणि उजेडाची बारीक फट डोळ्यावर सोडतात, ते यंत्र म्हणजे स्लिट लॅम्प. डोळा १० ते ४० पट मोठा दिसतो. सोबत लागते फ्लुओरेसीनची केशरी कागदी पट्टी. ती पापणीच्या आत टेकवली की रंग अश्रूंत मिसळतो आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, म्हणजे पारपटलाचा वरचा थर जिथे सोलवटलेला असेल तिथे धरून राहतो. मग निळा उजेड टाकला की तेवढीच जागा हिरवी उजळते.

हर्पिसची जखम या उजेडात झाडाच्या फांदीसारखी दिसते. मध्ये एक रेघ, तिला फुटलेले फाटे आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला छोटी गाठ. विषाणू एका पेशीतून शेजारच्या पेशीत पसरत जातो, म्हणून हा आकार. कुसळाने खरचटलेलं असेल तर सरळ ओरखडा दिसतो. बुरशीचा व्रण कडांना पिसासारखा विस्कटलेला आणि भुरकट असतो. तपासणीला काही मिनिटं लागतात आणि दुखत नाही. शंका उरलीच तर जखमेवरून अलगद खरवडून घेतलेल्या पेशी रंगवून पाहतात, किंवा पीसीआर चाचणीने विषाणूचा डीएनए शोधतात.

‘दुखायचं थांबलं, म्हणजे बरं झालं’

हा समज खोडण्यात मात्र मोठ्या यंत्राने खरी भर घातली. मार्व्हिन मिन्स्की या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५७ मध्ये कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची कल्पना अशी की ज्या थरावर नजर रोखली आहे तेवढ्याच थराचा उजेड आत घ्यायचा, वरखालचा सगळा अडवायचा. आता त्याच तत्त्वावरचं यंत्र जिवंत डोळ्यावर चालतं. बधिर करणारा थेंब टाकतात, भिंग जेल लावून पारपटलाला हलकेच टेकवतात, आणि जेमतेम अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या या पडद्याचे थर एकेक करून पाहतात. पेशी काढावी लागत नाही, कापावं लागत नाही. बुरशीचे तंतू आणि अकान्थअमीबा या एकपेशी जिवाच्या गाठी यात थेट दिसतात. विषाणू इथेही दिसत नाही.

दिसतात त्या नसा. पारपटलाच्या वरच्या थराखाली त्यांचं दाट जाळं असतं. म्हणूनच डोळ्यात धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो. हर्पिस झालेल्या डोळ्यात हे जाळं विरळ झालेलं, कुठे कुठे पार नाहीसं झालेलं दिसतं. २०१० मध्ये संशोधक पेद्राम हमरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एकाच डोळ्याला हर्पिस झालेला असला तरी दुसऱ्या, वरकरणी निरोगी डोळ्यातल्या नसाही कमी झालेल्या असतात. नसा गेल्या की वेदना कमी होते. रुग्णाला वाटतं आराम पडला, आणि जखम मात्र तशीच असते. बधिर डोळ्यात पापण्यांची उघडझाप कमी होते, पृष्ठभाग कोरडा पडतो, व्रण भरायला वेळ लागतो. दवाखान्यात कापसाच्या बारीक धाग्याने बुबुळाला स्पर्श करून पाहतात ते याचसाठी.

‘लाल डोळ्याला थेंब सगळे सारखेच’

साधी अँटिबायोटिक विषाणूवर काम करत नाही, एवढं आता अनेकांना ठाऊक आहे. खरा धोका स्टेरॉईडच्या थेंबांत आहे. ते टाकले की लाली एका दिवसात ओसरते, म्हणून ते गुणकारी वाटतात. पण वरच्या थरात हर्पिस चालू असताना नुसतं स्टेरॉईड पडलं तर विषाणूला रान मोकळं मिळतं. ती बारीक फांदी पसरून रुंद, वेड्यावाकड्या कडांचा व्रण होतो आणि पुढे बुबुळावर फूल पडतं. बुरशीतही तेच.

त्याचबरोबर ‘स्टेरॉईड म्हणजे विषच’ हेही खरं नाही. हर्पिस खोल थरात गेला आणि शरीराच्या प्रतिकारामुळे सूज आली, की विषाणूरोधक औषधाच्या संरक्षणाखाली स्टेरॉईड देणं हाच योग्य उपचार असतो. कुठला थर बिघडला आहे हे पाहिल्याशिवाय तो निर्णय कुणालाच घेता येत नाही. आईचं दूध, मध किंवा झाडपाल्याचा रस यांतलं काहीही जखमी बुबुळात घालू नये. त्यातून वेगळाच जंतू आत शिरू शकतो.

‘हर्पिस म्हणजे बाहेरख्यालीपणाचा आजार’

या एका समजामुळे घराघरांत विनाकारण संशय शिरतो. डोळ्याला होणारा हर्पिस बहुधा पहिल्या प्रकारचा असतो आणि तो लहानपणीच लाळेतून, मुके घेण्यातून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो आहे. चेहऱ्याच्या संवेदनेच्या नसेच्या गाठीत तो दडून राहतो आणि बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही. काहींना तापानंतर ओठांवर पुळ्या येतात, थोड्यांच्या डोळ्यात तो उतरतो.

तो पुन्हा पुन्हा उतरू नये यासाठी उपाय आहे. अमेरिकेत ७०३ रुग्णांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असायक्लोव्हिरची ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा घेणाऱ्यांपैकी १९ टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला. औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ३२ टक्के होतं. ही गोळी किती काळ घ्यायची ते डॉक्टरच ठरवतात.

नागीण, साथ आणि नवं बुबुळ

कपाळावर उठणारी नागीण वेढा पूर्ण झाला की जीव घेते, ही केवळ भीती आहे. ती जुन्या कांजिण्यांच्या विषाणूची पुन्हा उठलेली लाट असते. नाकाच्या शेंड्यावर फोड आले, तर मात्र डोळा धोक्यात असण्याची शक्यता बरीच वाढते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर फायदा सर्वाधिक होतो. मंत्र घालण्यात नेमके हेच तास निघून जातात.

साथीचे डोळे आलेल्या माणसाकडे नुसतं पाहिल्याने ते दुसऱ्याला येत नाहीत. ते हात, टॉवेल आणि उशी यांतून पसरतात. बहुतेकांचे आपोआप बरे होतात, पण काहींच्या बुबुळावर बारीक पांढरे ठिपके राहतात आणि दृष्टी काही आठवडे, कधी महिनेही, धूसर राहते.

आणि नेत्रदानातून नवं पारपटल बसवलं म्हणजे हर्पिस मुळापासून गेला असंही नाही. विषाणू नसेच्या गाठीत असतो, तिथे शस्त्रक्रिया पोचत नाही. म्हणून अशा रुग्णाला नंतर बराच काळ विषाणूरोधक गोळी चालू ठेवतात आणि वेळोवेळी स्लिट लॅम्पखाली बोलावतात.

बेळगावला किंवा खानापूरला डोळा दाखवायला जाताना आधी वापरलेल्या थेंबांच्या सगळ्या बाटल्या, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. त्यांत स्टेरॉईड होतं का, हे डॉक्टरांना लेबलवरून लगेच कळतं. पूर्वी त्याच डोळ्याला असं झालं होतं का, तेही आठवून सांगावं. एकाच डोळ्याचं दुखणं पुन्हा पुन्हा उलटणं हा हर्पिसच्या निदानातला मोठा धागा आहे.