वाफेच्या गाडीमागचे बिनपगारी हात

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर टाउइन नावाचं लहानसं गाव आहे. तिथून डोंगरात शिरणारी टॅलिथ्लिन रेल्वे ही स्वयंसेवकांनी जगवलेली जगातली पहिली रेल्वे. रुळांमधलं अंतर ६८६ मिलिमीटर, लांबी बारा किलोमीटरच्या आतच. हौशी लोक वाफेची गाडी चालवतात म्हणजे नेमकं काय करतात, याबद्दल आपल्याकडे बरेच समज आहेत. या छोट्या मार्गाचा इतिहास समोर ठेवला, तर त्यातले फार थोडे टिकतात.

पहिला समज असा, की रेल्वे बंद पडते, गंजते आणि मग कुणी वेडे लोक येऊन ती पुन्हा उभी करतात. काही ठिकाणी तसं झालंही आहे. टॅलिथ्लिनची गोष्ट वेगळी. १८६५ साली पाटीचा दगड वाहण्यासाठी ही रेल्वे बांधली. १९११ मध्ये सर हेन्री हेडन जोन्स यांनी खाण आणि रेल्वे दोन्ही विकत घेतली. १९४६ मध्ये खाण बंद झाली, तरी आपण जिवंत असेतो उन्हाळ्यात गाडी धावेल हा शब्द त्यांनी पाळला. जुलै १९५० मध्ये ते गेले. त्याच वर्षी ११ ऑक्टोबरला बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात लेखक एल. टी. सी. रोल्ट यांच्या पुढाकाराने सभा भरली, आणि १४ मे १९५१ रोजी नव्या मंडळाची पहिली गाडी सुटली. मध्ये एकही उन्हाळी हंगाम रिकामा गेला नाही. गाडी चालवण्याचा कायदेशीर अधिकार, अनुभवी स्थानिक माणसं आणि त्या गाडीची सवय असलेलं गाव, हे सगळं जागेवर होतं. बंद मार्गावर या तीन गोष्टी नव्याने मिळवाव्या लागतात, आणि तेच सर्वांत अवघड काम असतं.

दुसऱ्या समजाला सिनेमाचा हातभार लागला. टॅलिथ्लिनवरूनच कल्पना सुचलेला ‘द टिटफिल्ड थंडरबोल्ट’ १९५३ मध्ये आला. त्यात गावचे पाद्री इंजिन हाकतात. सिनेमा गोड आहे, पण तो पाहून वाटतं की हौस असली म्हणजे झालं. प्रत्यक्षात नवा माणूस येतो तो इंजिन पुसायला. कित्येक महिने चिंध्या आणि तेल हातात घेऊन तो इंजिनाचा एकेक भाग ओळखतो. मग फायरमन, मग परीक्षा आणि वैद्यकीय तपासणी, आणि बऱ्याच वर्षांनी ड्रायव्हर. माणूस बिनपगारी आहे म्हणून नियमांत सूट मिळत नाही. मुख्य रेल्वेवर देखरेख ठेवणारं ब्रिटिश सरकारी खातंच या गाड्यांवरही नजर ठेवतं.

एवढी कडक शिस्त कशासाठी, ते सकाळी इंजिन शेडमध्ये गेलं की कळतं. कळ दाबली आणि गाडी सुरू झाली, असं इथे नसतं. छोट्या इंजिनालाही वाफ धरायला तीन-चार तास लागतात. आग पेटवण्याआधी पहिली नजर जाते ती पाण्याच्या काचेवर. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते ही उभी काचेची नळी दाखवते. मग कालची राख काढायची, नळ्या साफ करायच्या, तेलकट चिंध्या आणि लाकडावर आग धरायची आणि कोळसा हळूहळू द्यायचा. घाई केली तर पत्रे कमीजास्त तापतात, कमीजास्त फुगतात आणि सांध्यांवर ताण येतो. दिवसभर फायरमनचं अर्धं लक्ष त्या काचेवरच असतं, कारण पाणी कोळसा जळतो त्या फायरबॉक्सच्या माथ्याखाली गेलं तर तिथलं पोलाद उघडं पडून मऊ होतं, आणि दाबाखाली फाटलं तर समोर उभी असलेली माणसं वाचत नाहीत. त्यासाठी माथ्यात शिशाची डाट बसवलेली असते. पाणी उतरलं की शिसं वितळतं आणि वाफ खाली आगीत शिरून धोक्याची सूचना देते. डाट वितळण्याची वेळ आली, तर ती ज्याच्या पाळीत आली त्याला जाब द्यावा लागतो, आणि तो द्यायलाच हवा.

सगळ्यांना इंजिनाचंच काम हवं असतं. रेल्वे मात्र रुळांवर चालते, आणि बहुतेक बिनपगारी घाम तिथेच गळतो: गवत कापणं, चर साफ करणं, कुजलेले स्लीपर बदलणं. टॅलिथ्लिनने हे पहिल्याच वर्षी अनुभवलं. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना घेतली. रुळांमधलं अंतर तेच, म्हणजे अडचण नको होती. पण त्यातलं एक इंजिन वारंवार घसरू लागलं. मोजमाप केल्यावर कळलं, की टॅलिथ्लिनचे रूळ ठरलेल्या मापापेक्षा थोडे जास्त अंतरावर टाकलेले होते. तिथली जुनी इंजिनं रुंद चाकांची, म्हणून ती तरून जात. पाहुण्या इंजिनाची चाकं अरुंद होती. इलाज इंजिनात नव्हता, रूळ नीट करण्यात होता, आणि त्या कामात पुढे वर्षं गेली. मला या साऱ्या इतिहासातला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याने या मंडळींना कामाचा क्रम शिकवला.

‘माणसं फुकट, मग खर्च कसला?’ हा प्रश्नही नेहमीचा. टॅलिथ्लिनवर पहिल्या हंगामापासून काही माणसं पगारी होती, आणि आज अशा बहुतेक रेल्वेंवर असतात, कारण हिशेब, तिकिटं आणि वर्कशॉप सुटीच्या दिवसांवर सोडता येत नाहीत. ब्रिटनमध्ये साधारण दहा वर्षांनी बॉयलर इंजिनावरून उतरवून पूर्ण दुरुस्त करावा लागतो, आणि त्यासाठी तिकिटाचे पैसे क्वचितच पुरतात. देणग्या, सभासदांची वर्गणी, चहाचं दुकान, खेळण्यांची विक्री यांवर बरंच चालतं. हल्ली कोळशाचीही चिंता आहे. वेल्समधली फॉस-इ-फ्रान खाण २०२३ मध्ये बंद झाल्यापासून तो दूरदेशाहून आणावा लागतो.

वाफेची इंजिनं आता कुणाला बनवता येत नाहीत, असंही बोललं जातं. डार्लिंग्टनमध्ये लोकवर्गणीतून ‘टॉर्नेडो’ नावाचं मोठं इंजिन नव्याने बांधलं गेलं आणि २००८ मध्ये ते धावलं. बॉयलर जर्मनीतल्या माइनिंगनमध्ये बनला, कारण तेवढा मोठा बॉयलर करणारा कारखाना ब्रिटनमध्ये उरला नव्हता. म्हणजे ज्ञान जिवंत आहे, पण पातळ झालंय.

माथेरानची गाडी पाहून अनेकांना वाटतं, आपल्याकडेही हेच आहे. ती मध्य रेल्वे चालवते. दार्जिलिंग, निलगिरी, कालका-शिमला याही भारतीय रेल्वेच्याच. स्वयंसेवकांनी चालवलेल्या रेल्वेचा खरा प्रश्न आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या ‘शकुंतला’ गाडीबाबत उभा राहतो. १९९४ पर्यंत तिथे वाफेचं इंजिन धावलं. आज गाडी बंद आहे आणि तिच्यावर प्रेम करणारी माणसं विदर्भात भरपूर आहेत. त्यांनी मंडळ काढलं, तर इंजिन शोधण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या परवानगीचा, रूळ कुणाच्या ताब्यात आहेत याचा आणि दर रविवारी यवतमाळात गवत कापायला किती जण येतील याचा हिशेब मांडावा लागेल.