सुतावरून साडीपर्यंत

सुतावरून स्वर्ग गाठणाऱ्याला आपली भाषा हंसते. श्रोतेहो, मला आज स्वर्गापर्यंत जावयाचें नाहीं. सुतावरून साडीपर्यंत पोहोंचतां आलें तरी पुष्कळ झालें. निमित्त आहे तें शहरांतून ठिकठिकाणीं भरणाऱ्या हस्तकलांच्या वर्गांचें. उन्हाळ्याची सुटी लागली किंवा दिवाळी जवळ आली कीं असे वर्ग निघतात. कोठें क्रोशाचें विणकाम, कोठें भरतकाम, कोठें लहानशा चौकटीवर विणलेली शोभेची पट्टी. चार रविवारीं एक वस्तु पुरी होते आणि शिकणारा ती घेऊन आनंदानें घरीं जातो. या आनंदाला नांवें ठेवण्याचा माझा विचार नाहीं. परंतु वर्ग संपल्यावर, हातांत घेतलेलें लुगडें हातमागावरचें आहे कीं यंत्रमागावरचें, त्यांतलें सूत कापसाचें आहे कीं आणखी कशाचें, हें जर त्याला सांगतां येत नसेल, तर वर्गाचें खरें काम अजून व्हावयाचेंच आहे, असें म्हणावें लागेल.

माझी सूचना अशी कीं, वर्गांचा हंगाम श्रावणांत सुरू करून दिवाळीस संपवावा आणि त्यांतले पहिले चार रविवार केवळ कापसाला द्यावे. श्रावणच कां, तर कापसाचा तंतु ओलसर हवेंत अधिक बळकट असतो. वैशाखाच्या कोरड्या हवेंत जें सूत तटातट तुटतें, तेंच पावसाळ्यांत बोटांचें ऐकतें. चातुर्मासांत लक्ष वातींचा संकल्प सोडून घरांतल्या वडील स्त्रिया कापूस घेऊन बसत, तेव्हां हवाही त्यांना अनुकूल असे. फुलवात वळणें, समईची लांब वात करणें, देवासाठीं कापसाचीं वस्त्रें करणें, हीं सर्व सूतकामाचींच बाळबोध रूपें होत. ज्या घरांत टकळी कधीं आली नाहीं, त्या घरांतही ओढ आणि पीळ यांची ओळख वातीनें करून दिलेली असते. म्हणून पहिल्या दिवशीं एखाद्या आजींनाच शिकविण्यास बोलवावें.

ओढ आणि पीळ हे दोन शब्द नीट समजले कीं निम्मी विद्या आली. कापसाचा तंतु भिंगाखालीं पाहिला तर तो नळीसारखा गोल दिसत नाहीं. वाळून चपट्या झालेल्या आणि ठिकठिकाणीं मुरडलेल्या फितीसारखा दिसतो. या मुरडींमुळेंच शेजारचे तंतु एकमेकांस धरून राहतात. एकेका तंतूची लांबी फार तर दोन-तीन सेंटिमीटर, आणि सूत तर मैलोगणती हवें. तेव्हां पिंजलेल्या कापसाचा पेळू हातांत धरून त्यांतले तंतु हळूहळू एकमेकांवरून सरकवावयाचे, ही ओढ. आणि ते सरकून सुटण्याच्या आंत टकळीला गिरकी देऊन त्यांना एकत्र बांधावयाचें, हा पीळ. पीळ उशिरां पडला कीं धागा सुटतो. लवकर पडला कीं ओढ थांबते आणि जाड गांठ राहते. यांत एक गंमत आहे. पीळ नेहमीं बारीक जागेकडे धांव घेतो, जाड जागा सैल राहते. म्हणून ती जाड जागा पुन्हां हलकेच ओढली तर तेवढीच पातळ होते, आणि शेजारचा बारीक भाग पिळाच्या जोरावर टिकून राहतो. हें ऐकून पटत नाहीं. बोटांना एकदां कळलें म्हणजे मात्र विसरत नाहीं.

सूत किती बारीक आहे हें नंबरानें सांगतात. ८४० वारांची एक लड, आणि अशा जितक्या लडी मिळून एक पौंड वजन भरेल, तितका त्या सुताचा नंबर. वीस नंबरी सुताच्या एका पौंडांत १६,८०० वार धागा असतो. आतां एक हिशेब करून पाहूं. साधी सुती साडी घ्या : लांबी ६ वार, पन्हा ४५ इंच, दर इंचाला ६० उभे आणि ६० आडवे धागे. उभे धागे झाले २,७००, त्यांची लांबी १६,२०० वार. आडवे धागे १२,९६०, प्रत्येकीं सव्वा वार; म्हणजे पुन्हां १६,२०० वार. एकूण ३२,४०० वार, सुमारे तीस किलोमीटर! १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली, तें अंतर ३४ किलोमीटरांचें. नवशिक्यानें टकळीवर ताशी शंभर वार कांतले असें धरलें, तरी या साडीसाठीं त्याला ३२४ तास बसावें लागेल. आणि अजून धोट्याला कोणीं हातही लावलेला नाहीं. येथें एक भेद लक्षांत ठेवावा. हातमागावर विणलें तें सारें खादी नव्हे. आज हातमागावर चढणारें बहुतेक सूत गिरणींतलें असतें. खादींत मात्र सूतही हातचेंच लागतें. दुकानांत हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागीं वापरले जातात.

शाळेंतून सूत शिकविण्याचा मोठा प्रयोग वर्ध्याहूनच निघाला. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं गांधीजींच्या अध्यक्षतेखालीं तेथें शिक्षणपरिषद भरली. तिनें नेमलेल्या डॉ. झाकिर हुसेन समितीनें साडेपांच तासांच्या शाळेंतले ३ तास २० मिनिटें मूलोद्योगाला द्यावे, असें सुचविलें. मुलांच्या कामांतून शाळेचा खर्च निघावा कीं नाहीं, यावर मोठा वाद झाला आणि त्या वादांत मूळ गोष्ट झांकली गेली. धागा तुटला कीं तो कां तुटला असें मुलानें विचारावें, आणि त्या प्रश्नावरून वर्ग हवा, तंतु, वजन, माप यांकडे वळावा, अशी ती योजना होती. पुढें पुष्कळ शाळांतून टकळी राहिली, प्रश्न राहिला नाहीं. ज्यांनीं तो कंटाळवाणा तास अनुभवला आहे ते टकळीला दोष देतात. माझ्या मतें टकळी निर्दोष आहे.

नवरात्र उलटून ऊन पडूं लागलें कीं विणकामास हात घालावा. ताण्याला खळ लावून तो वाळवावयाचा म्हणजे ऊन हवेंच. खळ कां लावावी, हें लहान चौकटीवर चार बोटें विणलें तरी कळतें. आडवा बाणा एकदां जाऊन निवांत पडतो. उभा ताणा मात्र फणीचें घर्षण आणि वरखालीं होणाऱ्या धाग्यांची ओढाताण शेवटपर्यंत सोसतो. घोंगडीच्या लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात ती याचसाठीं.

मग दोन रंग शेजारीं विणून पाहावे. येवल्याच्या किंवा पैठणच्या पैठणीच्या पदरांत हेंच केलेलें असतें. विणकर प्रत्येक रंगाचा आडवा धागा त्या रंगाच्या जागेपुरताच नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवितो आणि परत फिरवितो. म्हणून खऱ्या पैठणीची नक्षी उलट्या बाजूनेंही तितकीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या नकलेंत नको असलेला रंग मागल्या बाजूनें लोंबत पुढें जातो, किंवा कापलेला दिसतो. ज्यानें चौकटीवर दोन रंग एकदां एकमेकांत अडकविले आहेत, तो दुकानांत पदर न सांगतां उलटून पाहील.

भरतकाम, क्रोशा यांचे शिक्षक कोठेंही मिळतात. त्यांविषयीं अधिक बोलत नाहीं. गोधडीसाठीं मात्र एक रविवार राखून ठेवावा. जुनीं, धुवून धुवून मऊ झालेलीं लुगडीं एकावर एक अंथरून पुष्कळ ठिकाणीं कडेपासून आंत धांवदोरा घालीत जातात. सुती कापड कोठें विरतें आणि कोठें टिकतें याचें इतकें उघड प्रदर्शन दुसरें नाहीं.

विणकाम शिकविण्यास मागावर बसणारा कारागीरच आणावा. त्याला भाषण करतां येणार नाहीं. "असें करा" एवढेंच तो म्हणेल. तें पुरे आहे. पण त्या दिवशीं त्याचा माग बंद राहतो, तेव्हां शालश्रीफळावर त्याची बोळवण न करतां बुडालेल्या मजुरीहून कांहीं अधिक त्याच्या हातीं पडावें. २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेंत देशांत विणकर आणि त्यांचे जोडकामगार मिळून सुमारें ३५ लाख माणसें मोजलीं गेलीं. कांहीं प्रकारचें कापड हातमागासाठींच राखून ठेवणारा कायदा १९८५ सालीं झाला आहे. पण काउंटरपलीकडे कायद्याचा शिपाई उभा नसतो. तेथें गिऱ्हाइकाचीं बोटें असतात, आणि नकलेला खऱ्याची किंमत द्यावयाची कीं नाहीं हें तींच ठरवितात.

हंगामाच्या शेवटच्या रविवारीं प्रत्येकानें घरच्या कपाटांतलें एक वस्त्र आणावें. तोंवर विदर्भांतला नवा कापूसही निघालेला असतो. सरकीसकट दोन बोंडें मिळालीं तर तींही ठेवावीं. वस्त्राच्या कडेचा एक धागा काढून उलटा पीळ द्यावा आणि तंतु सुटतात तसे मोजून पाहावे. दुसरा धागा जाळावा. कापूस कागदासारखा वास देऊन मऊ राख ठेवतो. रेशीम आणि लोकर यांना जळक्या केंसांचा वास येतो व त्यांची काजळी बोटानें चुरडते. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. हा प्रयोग पितळेच्या ताटलींत, चिमट्यानें धरून करावा. वितळलेला थेंब बोटाला चिकटला तर वाईट भाजतें.