भिंग बसले, नजर किती आली?

वागळे इस्टेटमध्ये मोतीबिंदू दोन वाटांनी येतो. एक वाट वयाची, ती सगळ्यांचीच. दुसरी कामाची. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींमध्ये ठाण्याची ही वसाहत उभी राहिली. लेथ, ग्राइंडर, प्रेस, वेल्डिंग यांवर इथल्या दोन पिढ्या जगल्या. आज अनेक शेड पाडून तिथे काचेच्या इमारती आल्या आहेत. मात्र किसननगर, इंदिरानगर, लोकमान्यनगरच्या चाळींत आणि इमारतींत त्या शेडमधला कामगार अजून राहतो. त्याने साठी, सत्तरी ओलांडली आहे आणि त्याच्या घरात ‘मोतीबिंदू काढायचा आहे’ हे वाक्य अधूनमधून ऐकू येते.

कामाच्या वाटेने येणारा मोतीबिंदू वेगळा असतो. ग्राइंडरवरून उडालेली किंवा छिन्नीवर हातोडा मारताना सुटलेली लोखंडाची कणी डोळ्यात घुसली आणि तिने भिंगाची पिशवी फाडली, तर नितळ भिंग काही तासांत, काही दिवसांत पांढरे पडते. अशा डोळ्यात भिंग बसवता येते, पण नजर किती येईल हे बुबुळावर व्रण कुठे राहिला आणि मागच्या पडद्याला किती इजा झाली यावर ठरते. कणी आतच राहिली तर लोखंड गंजते आणि तो गंज पडद्याला विषासारखा भिनतो. वर्षानुवर्षे भट्टीच्या धगीसमोर काम करणाऱ्यांनाही मोतीबिंदू होतो. काच कारखान्यांतल्या कामगारांत तो फार पूर्वी नोंदला गेला.

गंमत अशी की कृत्रिम भिंगाचा जन्मही डोळ्यात घुसलेल्या तुकड्यातूनच झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे शिरले. ते डोळ्यात निमूट पडून राहतात, लोखंडासारखा दाह करत नाहीत, हे हॅरोल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाच्या ध्यानात आले. २९ नोव्हेंबर १९४९ रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग माणसाच्या डोळ्यात बसवले. समव्यावसायिकांनी त्यांना बरीच वर्षे वेड्यात काढले. १९६७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत आणली. ऐंशीच्या दशकात घडी घालून बसवता येणारे भिंग आले आणि छेद अडीच-तीन मिलिमीटरवर आला.

जाड चष्म्यापासून बिनटाक्यापर्यंत

आपल्याकडे ही क्रांती उशिरा पोचली. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. त्या काळातली शिबिरे शाळांच्या वर्गांत आणि धर्मशाळांत भरत. मोतीबिंदू पिशवीसकट काढला जाई, टाके पडत, भिंग बसतच नसे. नंतर हाती येई तो सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा. तो हरवला की माणूस पुन्हा आंधळा. जागतिक बँकेच्या मदतीने १९९४ ते २००२ या काळात सात राज्यांत जो मोतीबिंदू प्रकल्प राबवला गेला, त्यात महाराष्ट्र होता. डॉक्टरांना भिंग बसवायचे प्रशिक्षण मिळाले आणि शस्त्रक्रिया शाळेच्या वर्गातून रुग्णालयात आली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या परिवारातील ऑरोलॅबने १९९२ पासून देशात स्वस्त भिंगे बनवायला घेतली आणि भिंग गरिबाच्या आवाक्यात आले.

महाराष्ट्रात या कामाला चेहरा मिळाला तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तात्याराव लहाने यांचा. लातूर जिल्ह्यातून आलेल्या या डॉक्टरांनी एक लाखाहून अधिक मोतीबिंदू शस्त्रक्रिया केल्या, आनंदवनापर्यंत शिबिरे नेली आणि २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. असे आकडे ऐकून ऊर भरून येतो आणि तो भरून यावा असेच हे काम आहे. तरीही एक प्रश्न मागे उरतो. किती शस्त्रक्रिया झाल्या हे आपण मोजतो. सहा आठवड्यांनी किती जणांना नीट दिसले, हे किती ठिकाणी मोजले जाते?

प्रश्न आगाऊ नाही. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या लोकांतील अंधत्वाची कारणे तपासली गेली. सुमारे ६६ टक्के अंधत्व शस्त्रक्रिया न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते. त्याच यादीत मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीचा वाटा ७.२ टक्के होता, काचबिंदूपेक्षाही जास्त. शस्त्रक्रिया न होणे हा आजही सर्वांत मोठा दोष आहे. ती नीट न होणे हा लहान दोष असला, तरी नगण्य नाही.

पुण्याने काय मोजले

हे मोजण्याचे काम महाराष्ट्रात झालेले आहे आणि ते उत्तम झाले आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. परीक्षित गोगटे आणि सहकाऱ्यांनी ४०० डोळ्यांवर चाचणी केली. निम्म्यांना यंत्राची फेको, निम्म्यांना हाताने केलेली लहान छेदाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया. कोणाला कोणती, हे चिठ्ठीसारख्या पद्धतीने ठरले. निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले.

सहा आठवड्यांनी चष्म्याशिवाय ६/१८ किंवा त्याहून चांगले दिसणारे फेको गटात ८१ टक्के निघाले, हाताच्या गटात ७१ टक्के. (६/१८ म्हणजे निरोगी डोळा जे अक्षर अठरा मीटरवरून वाचतो, ते सहा मीटरवरून वाचता येणे.) योग्य नंबरचा चष्मा दिल्यावर मात्र दोन्ही गट एकाच आकड्यावर आले: ९८.४ टक्के. शस्त्रक्रियेत पिशवीचा मागचा पडदा फाटण्याचे प्रमाण फेकोत ३.५ टक्के, हाताच्या पद्धतीत ६ टक्के होते. त्याच रुग्णालयाने खर्चाचाही हिशेब मांडला. एका फेकोला तेव्हा सुमारे १,९८० रुपये लागत, हाताच्या शस्त्रक्रियेला सुमारे ७२० रुपये.

हे आकडे शांतपणे वाचले तर एक गोष्ट उघड होते. दोन पद्धतींमध्ये दहा टक्क्यांचा फरक पडला. चष्मा देणे आणि न देणे यांत सतरा ते सत्तावीस टक्क्यांचा. म्हणजे यंत्र कोणते यापेक्षा सहा आठवड्यांनी रुग्णाला परत बोलावून नंबर काढला का, याने जास्त माणसांची नजर सुधारते. जागतिक आरोग्य संघटनेचा दंडकही हेच बघतो: किमान ८० टक्के रुग्णांना हाताशी असलेल्या चष्म्याने आणि ९० टक्क्यांना योग्य चष्म्याने ६/१८ दिसावे, ६/६० हूनही कमी दिसणारे पाच टक्क्यांच्या आत असावेत.

बिघडते कुठे

कमी दिसण्याची कारणे तीन कप्प्यांत मावतात. पहिला कप्पा निवडीचा. मोतीबिंदूच्या मागे मधुमेहाने खराब झालेला पडदा किंवा काचबिंदूने वाळलेली नस असेल, तर भिंग कितीही चांगले बसवा, नजर मर्यादितच येणार. ही कल्पना रुग्णाला आधी दिली नाही, तर दोष भिंगाच्या माथी जातो. ‘मोतीबिंदू पिकू द्या’ हा जुना सल्लाही आता सोडायला हवा. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, काढायला अवघड जातो आणि डोळ्याचा दाबही वाढवू शकतो.

दुसरा कप्पा शस्त्रक्रियेचा. भिंगाची पिशवी अत्यंत पातळ. ती फाटली तर आतला चिकट द्रव पुढे येतो, भिंग बसवायला आधार उरत नाही आणि पुढे पडदा सुजण्याचा किंवा सुटण्याचा धोका वाढतो. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेणाऱ्या पुरुषांच्या बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा शस्त्रक्रियेत ढिला पडतो, हे २००५ मध्ये लक्षात आले. म्हणून हे औषध चालू आहे किंवा पूर्वी घेतले होते, हे डॉक्टरांना आधीच सांगणे जरुरीचे. नुसते बंद करून भागत नाही.

याच कप्प्यात सर्वांत भयंकर गोष्ट येते: डोळ्याच्या आत पू होणे. ती फार क्वचित घडते, पण घडते तेव्हा कधी कधी एकाच यादीतले अनेक जण सापडतात, कारण दोष एका डोळ्याचा नसून द्रावणाचा, उपकरणांचा किंवा खोलीचा असतो. जानेवारी २०१९ मध्ये मुंबई महापालिकेच्या जोगेश्वरीतील ट्रॉमा रुग्णालयात सात जणांना शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्ग झाला. पाच जणांची त्या डोळ्याची दृष्टी गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारच्या मुजफ्फरपूरमध्ये एका दिवसात ६५ शस्त्रक्रिया झाल्या आणि कित्येकांचे डोळे काढावे लागले. उलट बाजूही पाहावी. अरविंद रुग्णालयांनी सहा लाखांहून अधिक डोळ्यांचा हिशेब २०१७ मध्ये मांडला. शस्त्रक्रियेच्या शेवटी डोळ्यात मॉक्सिफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक सोडू लागल्यावर पू होण्याचे प्रमाण ०.०७ टक्क्यांवरून ०.०२ टक्क्यांवर आले. प्रचंड संख्या आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात. अट शिस्तीची आहे.

तिसरा कप्पा मापाचा आणि चष्म्याचा. भिंगाचा नंबर डोळ्याची लांबी आणि बुबुळाचा गोलवा मोजून काढतात. लांबीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा साधारण अडीच नंबर उरतो. व्हर्नियर हातात घेऊन आयुष्य घालवलेल्या वागळे इस्टेटच्या टर्नरला या मिलिमीटरचे मोल वेगळे सांगायला नको.

यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर बहुतेक वेळा भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते. ‘मोतीबिंदू परत आला’ असे लोक म्हणतात. तो परत येत नाही. याग लेसरने काही मिनिटांत त्या गढूळ पडद्यात खिडकी पाडता येते.

महाग भिंगाचा मोह

खासगी रुग्णालयात भिंगांचे दरपत्रक पुढे येते आणि घरात चर्चा सुरू होते. साधे एककेंद्री भिंग लांबचे स्वच्छ दाखवते. पेपर वाचायला चष्मा लागतो. तिरकस नंबर जास्त असेल तर टॉरिक भिंगाचा खरा उपयोग होतो. बहुकेंद्री भिंग लांबचे आणि जवळचे दोन्ही दाखवते, पण रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात आणि फिकट-गडद यांतला फरक थोडा कमी जाणवतो. रात्री घोडबंदर रोडवर गाडी चालवणाऱ्याने आणि ज्याचा पडदा आधीच आजारी आहे त्याने हे भिंग घेण्याआधी दोनदा विचार करावा. काम बारीक जवळचे असेल, तर साधे भिंगही जवळच्या अंतरासाठी बसवता येते. फक्त ते आधी बोलायला हवे. वरचे पैसे चष्मा टाळण्याचे आहेत. चांगल्या नजरेची हमी त्यांत नसते.

खासगी खर्च झेपत नसेल, तर वागळे इस्टेटमध्ये राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे आणि एक नियम अनेक निवृत्तांना माहीत नसतो. किमान पाच वर्षे विमापात्र नोकरी करून वयोमानाने निवृत्त झालेला कामगार वर्षाला १२० रुपये भरून स्वतःचा आणि जोडीदाराचा वैद्यकीय लाभ चालू ठेवू शकतो.

शस्त्रक्रिया कुठेही करा, भिंगाच्या खोक्यावरची नंबरची चिकटपट्टी आपल्या फायलीत लावून घ्या. पहिल्या आठवड्यात दुखू लागले, लाली वाढली किंवा आलेली नजर कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुढे कधी अचानक काजवे चमकले, काळे ठिपके वाढले किंवा एका बाजूने पडदा आल्यासारखे वाटले, तरी तसेच करा. सहा आठवड्यांनी नंबर काढल्याशिवाय शस्त्रक्रिया पुरी झाली असे मानू नका.

आणि एक विनंती मंडळांना, नगरसेवकांना आणि शिबिरे भरवणाऱ्या सगळ्यांना. फलकावर किती जणांना भिंग बसवले तो आकडा जरूर लिहा. त्याखाली दुसरा आकडाही लिहा: सहा आठवड्यांनी त्यांतल्या किती जणांना ६/१८ दिसले.