फावडं, भट्टी आणि एक सही

1776 मध्ये अमेरिकेतल्या तेरा वसाहतींनी इंग्लंडच्या राजाला ठणकावलं, की आता आमचं आम्ही बघून घेऊ! त्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर 56 जणांच्या सह्या आहेत. त्यात वकील होते, व्यापारी होते, डॉक्टर होते. आणि एक होता चक्क लोखंडाच्या भट्टीचा कारभारी, जॉर्ज टेलर!

टेलर मूळचा आयर्लंडचा. विशीत पेनसिल्व्हेनियात आला तेव्हा बोटीच्या भाड्याचेही पैसे नव्हते. ते फेडायला तो लोखंडाच्या कारखान्यात राबू लागला. सुरुवातीला म्हणे फावड्यानं भट्टीत कोळसा टाकायचा. पण गडी लिहिता-वाचता होता, त्यामुळे लवकरच कारकून झाला आणि पुढे कारखाने चालवू लागला.

हा कोळसा लाकडाचा बरं का! भट्टीत वरून तीन गोष्टी टाकायच्या: लोहखनिज, चुनखडी आणि कोळसा. ओढ्याच्या पाण्यावर चाक फिरायचं, चाकावर भाते चालायचे आणि आतला विस्तव धडधडून पेटायचा.

आता खरी गंमत. खनिजात लोखंडाला ऑक्सिजन घट्ट चिकटलेला असतो. कोळशातला कार्बन तो ओढून घेतो आणि वायू होऊन पसार होतो. माती-दगडाचा कचरा चुनखडीत मिसळून मळी होते, ती वर तरंगते. थोडा कार्बन मात्र लोखंडातच मुरतो. शुद्ध लोखंड वितळायला 1538 अंश सेल्सिअस लागतात. कार्बन मुरला की साधारण 1150 अंशांनाच त्याचा रस होतो. हा लालभडक रस वाळूच्या साच्यांत सोडला, की झालं बीड तयार!

मग इंग्लंडशी भांडण कशावरून? एक कारण हे लोखंडच! 1750 च्या कायद्यानं इंग्लंडनं बजावलं होतं, की कच्चं लोखंड खुशाल आम्हाला पाठवा. पण पोलाद बनवायच्या नव्या भट्ट्या तिकडे उभारायच्या नाहीत. शेवटी युद्ध पेटलं, तेव्हा टेलरच्या डरहॅम गावातल्या भट्टीत अमेरिकन सैन्यासाठी तोफगोळे ओतले गेले. डरहॅमचं लोखंड वाहणाऱ्या लांबट, सपाट बुडाच्या होड्याही कामी आल्या. 1776 च्या नाताळच्या रात्री या सैन्याचा सेनापती जॉर्ज वॉशिंग्टननं बर्फाळ डेलावेअर नदी पार केली, ती अशाच होड्यांतून.

घरात बिडाचा तवा आहे? उचलून बघा. तोही कार्बन मुरलेल्या लोखंडाचा रस साच्यात ओतूनच घडलेला असतो. फक्त जपून हं, पायावर पाडू नका!