फलकावरचे पाच जपानी शब्द

आळंदीहून चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणाऱ्या आमच्या अनेक माजी विद्यार्थ्यांना जपानची पहिली ओळख झाली ती कारखान्याच्या भिंतीवरील फलकातून. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. या पाच शब्दांना तेथे 'फाइव्ह एस' म्हणतात. नको ते काढून टाकावे, हवे ते जागेवर ठेवावे, जागा झाडूनपुसून घ्यावी आणि ही घडी मोडू देऊ नये, असे पहिल्या चारांचे अर्थ. पाचव्याचा अर्थ 'शिस्त' एवढाच सांगून बहुधा पुढे जातात. वस्तुतः शित्सुके हा घरातला शब्द आहे. मुलाला लावलेले वळण, असा त्याचा अर्थ. त्याच्या लिपिचिन्हात 'शरीर' आणि 'सुंदर' ही दोन चिन्हे एकत्र आली आहेत. पक्की शिलाई मारण्यापूर्वी कापडाला जे कच्चे टाके घालतात, त्यांनाही जपानीत हाच शब्द आहे.

हे टाके घरात पडतात, तसे शाळेतही. जपानी प्राथमिक शाळेत मुले दारातच बाहेरचे बूट काढून आतले घालतात. दुपारचे जेवण बहुधा वर्गातच होते. ज्यांची पाळी असेल ती मुले पांढरे अंगरखे व टोप्या घालून इतरांना वाढतात. मग सर्वजण 'इतादाकिमासु', म्हणजे 'नम्रपणे ग्रहण करतो', असे म्हणून घास घेतात. वर्ग, जिने, व्हरांडे आणि पुष्कळ शाळांत शौचालयेसुद्धा मुलेच स्वच्छ करतात. यातून कोणाचे मूल सुटत नाही.

हे सारे आम्ही पालकसभेत मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा एका विद्यार्थ्याच्या आजी उठून उभ्या राहिल्या. त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत झाडू फक्त आपल्या वस्तीतल्या मुलांच्या हाती दिला जाई. बाकीची मुले बाकावर बसून पाहत. नातवाला शिकायला पाठवले ते पुन्हा तेच करायला का, असा त्यांचा प्रश्न होता. सभेत काही क्षण कोणी बोलले नाही.

जपानला हा प्रश्न अपरिचित नाही. कातडी कमावणारे, मेलेली जनावरे ओढणारे लोक तेथेही शतकानुशतके वेगळ्या वस्त्यांत राहिले. त्यांना बुराकुमिन म्हणतात. 1871 च्या फर्मानाने कायद्यातला भेद गेला; विवाहाच्या आणि नोकरीच्या वेळी तो पुढेही आड येत राहिला. 3 मार्च 1922 रोजी क्योटो येथे त्यांनी 'सुइहेइशा', म्हणजे 'समतल समाज', ही संघटना स्थापन केली. महाडचा सत्याग्रह त्यानंतर पाच वर्षांनी झाला. जपानच्या स्वच्छतेचे गोडवे गाणाऱ्या व्याख्यानांत सुइहेइशाचे नाव आम्ही तरी ऐकलेले नाही.

चूळपंथक थेरांची कथा आपल्या मुलांना ठाऊक आहे. चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना, तेव्हा तथागतांनी त्यांच्या हाती एक स्वच्छ वस्त्र दिले. जपानमध्ये ते 'शुरि हांदोकु' या नावाने ओळखले जातात आणि तिथल्या कथेत त्यांच्या हाती झाडू असतो. तोही स्वतः बुद्धांनी दिलेला.

त्या सभेनंतर आम्ही वसतिगृहातील सफाईच्या पाळीची यादी नव्याने लिहिली. सोमवारी पहिले नाव अधीक्षकांचे, त्याखाली शिक्षकांची, मग मुलांची. त्या आजींच्या नातवाची पाळी गुरुवारी, गणिताच्या शिक्षकांबरोबर असते.